पंधरा फुटांवरचा मासा

ज्या ओढ्यांबद्दल मी लिहितोय ते बऱ्याच ठिकाणी एका उडीत ओलांडता येतात. पाणी कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं, आणि एखाद्या मोठ्या शिळेच्या पायथ्याशी कमरेएवढा डोह. दोन्ही काठांवरची झाडं पाण्यावर वाकलेली, मध्येच आडवा पडलेला ओंडका, आणि दर पाच-दहा पावलांवर खडकाची एक पायरी, जिच्यावरून पाणी खालच्या डोहात उतरतं. अशा पाण्यातला ट्राउट मासा वीतभर लांब. त्याच्यासमोर फ्लाय, म्हणजे नकली माशी, टाकायची ती दहा, पंधरा, फार तर वीस फुटांवरून. अल्ट्रालाइट फ्लाय रॉड, म्हणजे ही माशी फेकायची अगदी हलकी काठी, निवडायची वेळ आली की मी सगळ्यात आधी हे अंतर धरतो आणि बाकीचं त्याच्यामागून येऊ देतो. रॉड किती ग्रॅमचा, कोणी बनवला, किती तुकड्यांचा, हे सगळं नंतर. पंधरा फुटांवर तो काम करतो का, हा पहिला प्रश्न. बहुतेक रॉड इथेच अडखळतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ते तीस, चाळीस, पन्नास फुटांसाठी घडवलेले असतात.

ज्यांनी फ्लाय फिशिंग केलेलं नाही त्यांना हे जरा सांगायला हवं. साध्या गळाला शिसं असतं किंवा आमिषालाच वजन असतं. ते फेकलं की दोरा त्याच्यामागून ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये आकड्यावर पिसं आणि केस बांधून केलेली नकली माशी असते, आणि तिला म्हणावं असं वजनच नसतं. फेकायची असते ती लाइन. माशी तिच्या टोकाला बांधलेली म्हणून सोबत जाते. लाइन आसुडासारखी, मधे जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. तिच्या पुढे आणखी निमुळता, पारदर्शक लीडर, आणि त्याच्या शेवटी केसाइतकं बारीक टिपेट. रॉड मागे नेला की लाइन मागे उलगडते, तिच्या ओढीने रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड सरळ होताना तीच लाइन पुढे सोडतो. म्हणजे रॉड वाकण्यासाठी त्याच्या टोकाबाहेर काहीतरी वजन असावं लागतं.

लहान ओढ्यावर नेमकं तेच नसतं.

लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. वजन ग्रेनमध्ये मोजतात. नदीवर सर्रास वापरली जाणारी ५ नंबरची लाइन घेतली तर हे ३० फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ३ नंबरचे १०० ग्रेन, साडेसहा ग्रॅमच्या आसपास. १ नंबरचे ६० ग्रेन, म्हणजे पुरते ४ ग्रॅमही नाहीत. आता पंधरा-वीस फुटांवरच्या माशाचा हिशेब करा. पुढे झुकवलेल्या हाताने आणि सात फुटी रॉडने सातएक फूट तसेच गेले. सात फूट लीडर. उरलेली लाइन फार तर पाच-सहा फूट, आणि तीही टोकाची, म्हणजे सगळ्यात बारीक. ३ नंबरच्या लाइनचा एवढा भाग जेमतेम एक ग्रॅम भरतो. साडेसहा ग्रॅमला नीट वाकावा म्हणून बनवलेल्या रॉडला आपण एक ग्रॅम देतो आणि मग तो ताठच राहिला की फेक जमत नाही म्हणून स्वतःच्या मनगटाला बोल लावतो.

‘अल्ट्रालाइट’ या शब्दाने सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. हातात घेतलेला रॉड पिसासारखा हलका लागला की माणूस खूश होतो. पण हातातलं वजन आणि वाकण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अत्यंत हलका पण ताठ रॉड ओढ्यावर निरुपयोगी ठरतो, आणि त्याहून वीस-तीस ग्रॅमने जड पण मऊ रॉड चार फूट लाइनवरही शहाण्यासारखा वागतो. मला निवडायला सांगितलं तर मी दर वेळी दुसरा घेईन.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. वजनाचं जे प्रमाण ठरलेलं आहे ते लाइनचं आहे, रॉडचं नाही. रॉडवर ‘३’ असं लिहिलेलं असतं तो बनवणाऱ्याचा सल्ला असतो: या रॉडवर ३ नंबरची लाइन चांगली चालेल असं त्याला वाटतं. पण किती फूट लाइन बाहेर असताना? चाळीस फूट डोळ्यांसमोर ठेवणारा कारागीर ज्याला ३ म्हणतो, त्याला वीस फूट डोळ्यांसमोर ठेवणारा ४ किंवा ५ म्हणेल. म्हणून दोन कंपन्यांचे दोन ‘३ नंबर’ हातात घेतले तर कधी कधी ते एका घरातले वाटतच नाहीत. विल्यम हॅनिमन या अमेरिकी गृहस्थांनी यावर एक साधी रीत काढली, तिला ‘कॉमन सेंट्स’ म्हणतात. रॉड आडवा पक्का बांधायचा, टोकाला छोटी पिशवी लटकवायची, आणि रॉडचं टोक त्याच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत एक-एक सेंटची नाणी टाकत जायची. किती नाणी लागली त्यावरून रॉडची ताकद कळते. रॉड बनवणाऱ्या हौशी मंडळींत ही रीत चांगली रुजली, कारण छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारणच उरत नाही.

लाइनचे नंबरही काही आभाळातून पडलेले नाहीत. पूर्वी लाइन रेशमाच्या असत आणि त्यांना जाडीवरून इंग्रजी अक्षरं दिलेली असत. ‘ए’ जाड, ‘आय’ बारीक. एचडीएच म्हणजे दोन्ही टोकं एच आणि मधलं पोट डी. सगळ्याच लाइन रेशमाच्या होत्या तोवर जाडीवरून वजनाचा अंदाज बांधता येई. पुढे नायलॉनच्या आणि प्लास्टिकचं आवरण असलेल्या लाइन आल्या. जाडी तीच पण वजन वेगळं, त्यामुळे अक्षरं कुचकामी झाली, आणि १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या मासेमारी साहित्याच्या उत्पादकांच्या संघटनेने वजनावर आधारलेले आकडे आणले. आज गंमत अशी आहे की ताठ रॉड वाकावेत म्हणून कित्येक लाइन छापलेल्या नंबरापेक्षा अर्ध्या-एका नंबराने जड बनवल्या जातात. ओढ्यावर जाणाऱ्यांनी याचा फायदा करून घ्यावा. रॉड थोडा ताठ निघाला तर त्यावर एक नंबर जड लाइन चढवा. ३च्या रॉडवर ४ची लाइन. रॉडला काही होत नाही, कारण तीस फूट लाइन आपण हवेत कधी ठेवतच नाही.

आता रॉड कशाचा असावा. बांबू, काच (म्हणजे फायबरग्लास) आणि कार्बन, या क्रमाने ते आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून रॉड बनू लागले, आणि त्यासाठी सगळ्यात मानाचा ठरला तो दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला टॉन्किन बांबू, दाट तंतूंचा आणि सरळ वाढणारा. १९५०च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि हा बांबू मिळेनासा झाला. फायबरग्लासचे रॉड तोवर बाजारात आलेच होते. ते झपाट्याने पसरले. मग १९७३मध्ये फेनविक कंपनीने ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन तंतूचा रॉड विक्रीला आणला आणि लांब फेकीचं सगळं गणितच पालटलं. कार्बनचा तंतू काचेच्या तंतूपेक्षा तिपटीहून जास्त ताठ आणि वर वजनाला हलका. नऊ फुटी रॉडला हे वरदान आहे. काचेचा नऊ फुटी रॉड दिवसभर हलवून बघा, कार्बनचं मोल खांद्याला कळेल.

पण सात फुटांवर हा फायदा विरघळून जातो. रॉड जड वाटण्यात लांबीचा वाटा फार मोठा असतो. लांबी थोडी वाढली तरी तो हलवायला लागणारा जोर पुष्कळ वाढतो. आखूड रॉडमध्ये काचेचं वजन जाणवतच नाही, आणि कार्बनचा ताठपणा मात्र आडवा येतो. म्हणून लहान ओढ्यासाठी माझा कौल काचेला आहे, निःसंकोच. काच थोड्या वजनाला खोलवर वाकते आणि सावकाश सरळ होते. हाताला मागची लाइन उलगडल्याचं कळायला सवड मिळते. शिवाय तुटण्याआधी काचेचा तंतू कार्बनपेक्षा जास्त ताण सोसतो, आणि ओढ्यावरचा रॉड फांद्यांना थडकतो, खडकावर आपटतो, झुडपातून ओढला जातो. बांबूचा सात फुटी रॉड हातात घेऊन मला जो आनंद होतो तो वेगळ्याच जातीचा, पण शेवाळलेल्या खडकांवरून उतरताना मला तो सोबत नको असतो. माझं अर्धं लक्ष त्याच्यावरच राहतं.

मऊ कार्बनचे रॉडही आहेत आणि त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. ‘फास्ट’ असं कौतुकाने लिहिलेलं असेल ते बाजूला ठेवा, ‘मीडियम’ किंवा ‘स्लो’ म्हटलेलं असेल ते हातात घेऊन बघा. फास्ट रॉड टोकाशीच वाकतो, त्याची खरी ताकद खाली दडलेली असते, आणि ती जागी करायला भरपूर लाइन लागते. आपल्याकडे ती नाही.

लांबीबद्दल मात्र असं एका वाक्यात निकाल देता येत नाही, आणि जे देतात ते एकाच प्रकारच्या ओढ्यावर वाढलेले असतात. अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलेशियन डोंगरांत, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी पर्वतात, ओढे रोडोडेंड्रॉनच्या झुडपांखालून वाहतात. फांद्या दोन्ही बाजूंनी येऊन डोक्यावर गुंफलेल्या. तिथे सहा-साडेसहा फुटी रॉडलाही कधी कधी जागा पुरत नाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात उंचावरच्या कुरणांतून वाहणारे ओढे याच्या अगदी उलट. सोनेरी ट्राउटचं ते घर. कंबरभर रुंदीचं पाणी, काठाला गुडघ्याएवढं गवत, झाड कुठे नाही, आणि दुपारी वारा. तिथे आठ फुटी रॉड काठापासून मागे उभं राहू देतो आणि गवतावरून लाइन उचलून धरतो. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावरचे ओढे या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात: वर माळावर उघडे, खाली दरीत उतरले की झाडांत शिरलेले.

लांब रॉडच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा प्रवाहाचा आहे. खडकाळ ओढ्यात हातभर रुंदीत तीन वेगांचं पाणी असतं. मधे वेगवान धार, तिच्या पलीकडे खडकाआड संथ पाणी, आणि मासा त्या संथ पाण्यात. लाइन मधल्या धारेवर पडली की धार तिला ओढून नेते आणि पलीकडची माशी फरफटत जाते. खरी माशी अशी फरफटत नाही हे वीतभर ट्राउटलाही पक्कं ठाऊक असतं. आठ-साडेआठ फुटी रॉड उंच धरला तर लाइन आणि अर्धा लीडर पाण्यावर टेकतच नाही. माशी एकटी तरंगत राहते. डोक्यावर मोकळं आकाश असेल तर मी लांब रॉडच घेईन.

पण लांब रॉड माशाला दिसतो. पाण्याखालून वरचं जग त्याला एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश वाकत असल्यामुळे ती खिडकी सुमारे ९७ अंशांच्या शंकूएवढी असते. मासा ३० सेंटिमीटर खोल असेल तर पृष्ठभागावर तिचा व्यास जेमतेम ६८ सेंटिमीटर. खिडकी लहान, पण त्या गोलात काठावरचं जवळजवळ सगळं दृश्य दाबून बसवलेलं असतं. पाण्याच्या पातळीपासून अगदी कमी उंचीवरच्या गोष्टी तेवढ्या कडेला चेपल्या जाऊन पुसट होतात. म्हणून खाली वाकून, गुडघ्यावर, प्रवाहाच्या खालच्या बाजूने जायचं. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. आणि म्हणूनच डोक्यावरून चमकत फिरणारा नऊ फुटी रॉड पंधरा फुटांवरून त्याला दिसला की डोह क्षणात रिकामा होतो. आखूड रॉड कमरेच्या उंचीला आडवा फिरवता येतो. पॉलिश न चढवलेला, मंद रंगाचा रॉड मिळाला तर तोच घ्यावा.

झुडपांच्या बोगद्यात तर रॉड फिरवायचाच नसतो. तिथे तो धनुष्यासारखा वापरतात. शिळेमागे एक गुडघा टेकलेला. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत माशी, आकड्याच्या वाकाला धरलेली, टोक बोटांपासून बाहेरच्या बाजूला वळलेलं. उजव्या हातात रॉड, टोक पुढे, लाइन मुठीखाली दाबलेली. डावा हात मागे कानापाशी नेला की रॉडचं टोक वाकत वाकत थेट आपल्याकडे वळतं. समोर पाण्यावर वाकलेली फांदी, तिच्या आणि पाण्याच्या मधे फूटभर मोकळी जागा. बोटं सोडायची. रॉड सुटतो, लीडर त्या फटीतून सरळ आत जातो, माशी काळ्या पाण्यावर टेकते, आणि लीडरचं शेवटचं वेटोळं तिच्यामागे हळूच उलगडतं.

ब्रूक ट्राउट असेल तर फार वाट बघायला लावत नाही. डोंगरावरच्या पाण्यात खायला थोडंच असतं, त्याला निवडीची चैन परवडत नाही. शिळेच्या सावलीतून तो वर येतो, पाणी फुगतं, माशी नाहीशी होते. मनगट जरासं उचललं की मऊ रॉड मुठीपर्यंत वाकतो, आणि माशाच्या डोक्याचा प्रत्येक हिसका कॉर्कच्या मुठीतून तळहातात येतो. ओल्या हातात धरलेला तो मासा मी दर वेळी नीट बघतो. पाठीवर हिरव्या-करड्या रंगात किडीने कोरल्यासारखी नक्षी. बाजूंवर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती निळं कडं. खालच्या परांची पुढची कड पांढरी, तिच्या लगत काळी रेघ. शरद ऋतूत नराचं पोट पेटल्यासारखं केशरी. हा खरं तर ‘चार’ (char) नावाच्या गटातला मासा, नावापुरता ट्राउट, पण ॲपलेशियन डोंगरांतल्या थंड पाण्याचा मूळ रहिवासी तोच. आकडा उलट्या काट्याशिवायचा असेल तर चिमटीत फिरवताच निघतो.

ही धनुष्याची फेक रॉडकडे दोन गोष्टी मागते. एक, लीडर रॉडपेक्षा फारसा लांब नको, नाहीतर हात कितीही मागे नेला तरी रॉड पुरेसा ताणला जात नाही. सात फुटी रॉडला सहा-सात फुटी लीडर ठीक. दोन, सुटल्यावर रॉडचं टोक थरथरत राहायला नको. मऊपणा आणि लुळेपणा यांतला फरक इथे कळतो. टोक थरथरलं की लीडरला लाटा पडतात आणि माशी फांदीला जाऊन अडकते. स्वस्तात उरकलेला काचेचा रॉड इथेच उघडा पडतो, आणि चांगल्या हाताने घडवलेला एकदा सुटून गप्प होतो.

मग किती हलक्या नंबरापर्यंत जावं? सेज या अमेरिकी कंपनीने शून्याच्याही खाली जाऊन दुहेरी शून्य आणि तिहेरी शून्याचे रॉड काढले. हातात घेतले की ते अद्भुत वाटतात. बोटभर मासाही त्यांना झुकवतो. पण ओढ्यावर लागणारी माशी पाहा. खळाळत्या पाण्यात ती उठून दिसावी म्हणून आपण १२ किंवा १४ नंबरची, भरपूर पिसांची माशी लावतो (माशीचा नंबर जितका लहान तितकी ती मोठी). ती हवा अडवते. तिला पलीकडे उलटवून टाकायला लाइनमध्ये थोडा तरी जोर हवा, आणि १ नंबर किंवा त्याखालच्या लाइनमध्ये तो नसतो. एखादी झुळूक आली की लीडर परत आपल्याच तोंडावर येतो. तांब्याचा किंवा टंगस्टनचा मणी असलेली, पाण्याखाली जाणारी निम्फ तर त्याहून अवघड. झाडांच्या आडोशाला, शांत हवेत, १८ नंबरची बारीक माशी लावून २ नंबरचा रॉड सुंदर चालतो. त्याच्याखाली जायला मला ओढ्यावर कारण सापडत नाही.

दुसरी बाजू माशाची आहे आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. हलका रॉड म्हणजे जास्त झुंज, असं कौतुकाने सांगतात. वीतभर मासा शंभरएक ग्रॅमचा असतो, आणि त्याच्याशी झुंज कसली; तो कुठल्याही रॉडवर अर्ध्या मिनिटात हाती येतो. प्रश्न येतो तो पोखरलेल्या काठाखाली राहणाऱ्या एखाद्या मोठ्या ब्राउन ट्राउटचा. असा मासा लागला की त्याचं तोंड मुळ्यांपासून ताबडतोब वळवावं लागतं, आणि त्यासाठी रॉडच्या बुंध्यात ताकद लागते. ५एक्स टिपेट साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असतं आणि दोनेक किलोचा ताण सहज घेतं. अडचण टिपेटची नसते, तेवढा ताण देऊच न शकणाऱ्या रॉडची असते. लांबत गेलेल्या झुंजीत माशाच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठत जातं, आणि सोडून दिल्यावर तो पोहत गेला तरी वाचेलच असं नाही. पाणी कोमट असलं तर त्यात विरघळलेला ऑक्सिजनही कमी. २० अंश सेल्सिअसच्या वर पाणी गेलं की रॉड गुंडाळून घरी जावं, मग तो कितीही नंबरचा असो. आपल्या हाताला चार क्षण जास्त गंमत वाटावी म्हणून माशाला दमवून मारायचं, हे मला पटत नाही.

हे सगळं एकत्र धरलं की माझं बोट ३ नंबरावर येऊन थांबतं. काचेचा, सात ते साडेसात फूट, मऊ पण गप्प होणारा. एकच रॉड घ्यायचा असेल तर हाच. ओढे बहुतांशी उघडे असतील तर आठ फुटी, मीडियम कार्बनचा, तोही ३चाच.

जपानी तेनकाराबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. डोंगरातल्या ओढ्यांवर इवाना, यामामे आणि अमागो हे ट्राउटसारखे मासे पकडणाऱ्यांनी रूढ केलेली ही पद्धत. रॉड दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा, तीन-साडेतीन ते चार मीटर लांब. रील, म्हणजे लाइन गुंडाळायची चरखी, नाहीच, लाइन थेट टोकाला बांधलेली. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या ओढ्यात, वर आकाश मोकळं असेल तर, याच्याइतकं नेमकं हत्यार दुसरं नाही. सगळी लाइन हवेत, पाण्यावर फक्त माशी. पण झुडपांच्या बोगद्यात चार मीटरचा रॉड घेऊन शिरता येत नाही, आणि मोठा मासा पळाला तर द्यायला लाइन नसते. मला तेनकारा मनापासून आवडतो. तरी ज्याला अनोळखी ओढ्यावर जायचंय त्याला मी रील असलेला रॉडच सुचवेन.

रीलचं फार मनावर घेऊ नका. या माशांना रीलवर खेळवायची वेळच येत नाही. लाइन हातानेच ओढून घेतो. लहान, हलकं, साध्या टिकटिक करणाऱ्या दात्याचं रील पुष्कळ झालं. रॉडला ते बसवायला लाकडी किंवा कॉर्कच्या बैठकीवर दोन सरकत्या कड्या असल्या तरी चालतं, उलट वजन वाचतं. लाइन मात्र विचार करून घ्या. मी डबल टेपर घेतो, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. एक टोक खराब झालं की उलटी फिरवता येते, आणि मागे जागा नसताना जी रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे उलगडायची फेक, करावी लागते तिला ही लाइन मानवते. टोकाचा निमुळता भाग आखूड असलेली मिळाली तर आणखी चांगलं, कारण जाड भाग लवकर रॉडबाहेर येतो.

तुकड्यांचं म्हणाल तर चार तुकड्यांचा रॉड पाठपिशवीत मावतो आणि वरच्या ओढ्यांपर्यंत चालत जायचं असतं. पूर्वी प्रत्येक जोडाशी ताठपणा जाणवायचा, आता चांगल्या रॉडमध्ये तो जाणवत नाही. मूठ आखूड आणि बारीक असावी, तर्जनी वर ठेवता येईल अशी. जवळच्या नेमक्या फेकीसाठी मी अंगठ्याऐवजी तर्जनीच रॉडवर ठेवतो. टोक बोट दाखवेल तिकडे जातं.

आणि पारखताना रिकामा रॉड हवेत हलवून काही कळत नाही. सगळेच रिकामे रॉड छान वाटतात. आपली लाइन आणि लीडर चढवा, टोकाला माशीऐवजी लोकरीचा धागा बांधा, गवतावर पंधरा फुटांवर एक पान ठेवा आणि त्याच्यावर धागा टाकायचा प्रयत्न करा. सुरुवातीला खांद्यावरून, मग हात कमरेशी ठेवून आडवा. जोर लावावा लागत असेल, मनगट झटकावं लागत असेल, तर एक नंबर जड लाइन लावून पुन्हा बघा. शेवटी गुडघ्यावर बसा, धागा धरून मागे ताणा आणि सोडा. टोक दोनदा हलून थांबलं तर रॉड ठेवून घ्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हलतच राहिलं, तर तो परत करून दुसरा मागा.